माकडहाडाच्या वरची वाट

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. मिठागरात वाकून मीठ ओढण्यात आणि डोक्यावर पाट्या वाहण्यात इथल्या ज्या पिढ्यांची हयात गेली, त्यांच्या कमरेबद्दल विचारायलाच नको. मणक्याचं ऑपरेशनही आता राईत नवलाचं राहिलेलं नाही. कोडं पडतं ते पुढे. टाके सुकतात, एमआरआयमध्ये सगळं ठाकठीक दिसतं, तरी कुल्ल्यातून पोटरीत उतरणारी कळ काही जात नाही. मग डॉक्टर म्हणतात, "ब्लॉक देऊन बघू." आणि घरचे विचारतात, "ऑपरेशननं झालं नाही, ते इंजेक्शननं काय होणार?"

प्रश्न रास्तच आहे. फक्त त्यात सुई धाकटी आणि ऑपरेशन थोरलं असं धरलेलं असतं, आणि खरा क्रम उलटा आहे.

कमरेच्या दुखण्यावर आपल्याकडे इलाजांची वाण कधीच नव्हती. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, नाहीतर बिब्ब्याचा चटका घ्यायचा. सुश्रुतसंहितेत गृध्रसीसाठी, म्हणजे आजच्या सायटिकासाठी, गुडघ्याच्या चार बोटं वर किंवा खाली शीर सोडायला सांगितली आहे. पण दुखऱ्या नसेपाशीच औषध पोचवायचं, तर आधी पोकळ सुई हवी आणि मग बधिर करणारं औषध हवं.

सुईचा जन्म दुखण्यापायीच झाला. १८४४ साली डब्लिनमध्ये फ्रान्सिस रिंड यांनी चेहऱ्यातल्या नसेच्या कळांनी हैराण झालेल्या एका बाईच्या कातडीखाली नळीतून मॉर्फिनचं द्रावण सोडलं. पिचकारी नव्हती, द्रावण आपल्या वजनानंच आत उतरलं. १८५३मध्ये एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पिचकारी वापरली, तीही नसेच्या दुखण्यासाठीच. औषध यायला मात्र आणखी तीस वर्षं गेली. १८८४मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेननं डोळा बधिर होतो हे दाखवलं, आणि वर्ष सरायच्या आत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड थेट नसांशेजारी कोकेन टोचू लागले. हाच पहिला नर्व्ह ब्लॉक. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर चालले होते; हॉलस्टेड यांना कोकेनचं व्यसन जडलं ते तिथेच.

१८९८मध्ये जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर यांनी सहायक हिल्डेब्रांट यांच्या पाठीच्या कण्यात कोकेन सोडलं आणि ते लागू पडलं का हे बघायला त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना त्या वेळी काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं असणार.

आपल्या विषयाचा खरा मूळपुरुष या गर्दीत मागेच राहतो. पॅरिसचे ज्याँ सिकार हे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. १९०१ साली त्यांनी कण्यात वरून न शिरता खालची वाट धरली. माकडहाडाच्या जरा वर त्रिकास्थीच्या टोकाशी एक भोक असतं. त्रिकास्थीचा शेवटचा मणका मागच्या बाजूनं पुरता जुळून येत नाही, म्हणून ते राहतं, आणि त्यावर फक्त एक पडदा असतो. बोट फिरवलं तर दोन बाजूंना हाडाचे दोन उंचवटे लागतात. सुई त्यांच्या मधून जाते. मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी बरीच वर संपलेली असल्यामुळे औषध पिशवीच्या बाहेर राहून नसांच्या मुळांशी चढतं. सिकार यांनी या वाटेनं सायटिकाच्या रोग्यांना पातळ केलेलं कोकेन दिलं. त्याच सुमारास पॅरिसमध्येच फर्नां काथलँ यांनी हीच वाट शोधली, पण त्यांना ती शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी हवी होती आणि तिथे ती पुरी पडेना. दुखण्याला मात्र ती पुरली.

दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दबते आणि ती काढली तर आराम पडतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी छापलं ते १९३४मध्ये. म्हणजे सिकार यांच्या सुईनंतर तेहेतीस वर्षांनी. गादीची ऑपरेशनं वाढली ती त्यानंतर, आणि त्यांच्याबरोबर ऑपरेशनानंतर न जाणारी दुखणीही.

इथे मला या कुळकथेची खरी गंमत वाटते. ऑपरेशन झालेल्या जागी व्रण धरतो, कधी तो नसेलाच चिकटतो. मणक्यांमधली नेहमीची फट कापलेली, शिवलेली, घट्ट झालेली. तिथून सुई घालायची तर पिशवीला भोक पडायची भीती. माकडहाडाच्या वरच्या भोकापर्यंत मात्र सर्जनची सुरी पोचलेली नसते. म्हणून आजही अशा रोग्यांसाठी पुष्कळदा सिकार यांचीच वाट धरतात.

औषधं तेवढी बदलली. कोकेन गेलं, स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं लिग्नोकेन आलं, दाताच्या डॉक्टरकडे आपण ज्याला झायलोकेन म्हणतो ते. १९५०नंतर त्यात स्टिरॉइडची भर पडली. सुई आता सी-आर्मच्या एक्स-रेखाली जाते. रोगी पालथा, पोटाखाली उशी. आधी रंगद्रव्य सोडतात. पडद्यावर ते झाडाच्या मुळांसारखं पसरतं आणि व्रणापाशी अडतं. औषध जाताना पायात दाब येतो. डॉक्टर विचारतात, "हीच का ती कळ?" रोगी म्हणतो, "हीच, हीच." या उत्तराला किंमत असते, कारण ब्लॉक हा इलाज असतो तसा तपासही. एकाच नसेशी थोडं औषध देऊन कळ थांबली, तर दुखण्याचं मूळ तिथेच असण्याची शक्यता वाढते.

अनेक बायका सुईचं नाव काढताच सिझरच्या वेळी कमरेत घेतलेल्या इंजेक्शनावर कंबरदुखीचा सगळा दोष टाकतात. अभ्यासांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही, पण ही समजूत हटत नाही.

ब्लॉकनं व्रण विरघळत नाही. कुणाला काही आठवडे, कुणाला काही महिने आराम पडतो. कुणाला काहीच फरक पडत नाही. त्या आरामाच्या दिवसांत फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम जमतात, एरवी कळ ते करू देत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधीच सांगायच्या. मधुमेह असेल तर तोही, कारण स्टिरॉइडनं साखर काही दिवस चढते.