एक नर, दोन मादी

परसात पपई लावणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. दोन-चार रोपे जोमाने वाढतात, फुलतात. पण एखाद्या झाडाला फळच धरत नाही. ते नर निघते. किवीच्या वेलींतही नर आणि मादी वेगवेगळ्या असतात. पण पपईचा उलगडा काही महिन्यांत होतो, तर बीपासून वाढवलेली किवीची वेल फुलायला काही वर्षे लागतात. तोवर नुसती वाट पाहायची!

किवी मूळची चीनची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड आणि अमेरिकेत तिच्या वेली वाढवल्या गेल्या. पण तिथे सुरुवातीला फुललेल्या वेली नर निघाल्या. फळांचा पत्ताच नव्हता.

याच सुमारास न्यूझीलंडमधील वांगानुई येथील मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल फ्रेझर चीनमध्ये यिचांगला आपल्या बहिणीकडे गेल्या होत्या. १९०४ मध्ये परतताना त्यांनी किवीच्या बिया आणल्या. ॲलेक्झांडर ॲलिसन यांनी त्या रुजवल्या आणि १९१० मध्ये वेलींना फळे लागली. न्यूझीलंडमधील किवीच्या बागांचा वंश या बियांतून आलेल्या एका नर आणि दोन मादी वेलींपर्यंत जातो, असे सांगितले जाते. पुढे हेवर्ड राइट यांनी मोठ्या फळांची जात निवडली. तीच आज ‘हेवर्ड’ म्हणून प्रसिद्ध आहे. ‘किवी’ हे नाव मात्र १९५९ मध्ये, निर्यातीच्या सोयीसाठी आले.

यात नशिबाचा वाटा किती? वर्गात हिशोब करून पाहू. बीपासून नर किंवा मादी होण्याची शक्यता साधारण सारखीच असते. मग तीन रोपे लावली, तर तिन्ही एकाच लिंगाची निघण्याची शक्यता चारात एक.

किवीचे मादी फूल पाहिले, तर आपण फसतो. त्यात पुंकेसर भरपूर असतात, पण त्यांतले परागकण निकामी असतात. नर फुलात परागकण उत्तम, पण अंडाशयाची वाढ खुंटलेली. असे का? याचे उत्तर २०१८ आणि २०१९ मध्ये मिळाले. नराकडे दोन खास जनुके असतात : एक अंडाशयाची वाढ रोखते, दुसरे परागकण तयार व्हायला मदत करते. हे दुसरे जनुक संशोधकांनी मादी वेलीत घातले, तेव्हा तिची फुले उभयलिंगी झाली.

घरच्या बागेसाठी ‘जेनी’ किंवा लहान, गुळगुळीत फळांची ‘इस्साई’ अशा एकट्यानेच फळणाऱ्या जाती मिळतात. एकाच वेलीपुरती जागा असेल, तर त्या सोयीच्या. मात्र जेनीची फळे हेवर्डपेक्षा लहान असतात. हेवर्ड लावायची, तर शेजारी त्याच सुमारास फुलणारा नर हवाच. नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवले, तरी काम होते. जितक्या जास्त बिया धरतात, तितके फळ मोठे होते.

फ्रेझरबाईंनी बिया आणल्या, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. सहा वर्षे थांबण्याची तयारी मात्र होती. आपल्या शाळेच्या बागेत एखादे झाड फळत नसेल, तर ते उपटण्यापूर्वी त्याचे फूल मुलांसह उघडून पाहू या.