एंदेरून: सुलतानाच्या हॉस्टेलमधले नियम



एक्स-मेन पाहिलेल्यांना प्रोफेसर झेवियरची शाळा नव्याने सांगायला नको. १९६३ च्या कॉमिकमध्ये ती पहिल्यांदा आली. न्यूयॉर्कच्या बाहेर एक मोठी हवेली, आत अंगात काहीतरी अचाट असलेली पोरं, आणि आत काय चालतं याचा बाहेरच्यांना पत्ता नाही. हॉगवर्ट्स घ्या किंवा जपानी अ‍ॅनिमेमधल्या शाळा घ्या, साचा तोच असतो. कोणीतरी दारात येतं, 'हे पोर साधं नाही' म्हणतं आणि त्याला घेऊन जातं. पॉपकॉर्न खाताना एक प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही: आईबापांना कोणी विचारलं का?

आज आपण अशाच एका खऱ्या शाळेत जाणार आहोत. इथली मुलं उडायची नाहीत की डोळ्यांतून लेझर सोडायची नाहीत, पण निवड मात्र तशीच कडक. हजारोंतून वेचून काढलेली पोरं, कुलूपबंद हॉस्टेल, चोवीस तास पहारा. आणि पास होऊन बाहेर पडलेला मुलगा थेट तीन खंडांत पसरलेल्या साम्राज्याचा वजीर होऊ शकायचा.

ठिकाण आहे इस्तंबूल, तोपकापी राजवाडा. शाळेचं नाव एंदेरून.

नाव परकं वाटतंय? मूळ फारसी शब्द 'अंदरून', म्हणजे आतला. 'अंदर की बात' मधला अंदर तो हाच. तोपकापीत एकामागून एक अंगणं आहेत. पहिल्या अंगणात बऱ्यापैकी कोणालाही येता यायचं, दुसऱ्यात दरबारी कामकाज चालायचं, आणि तिसऱ्या दरवाज्याच्या पलीकडे सुलतानाचं खासगी जग होतं. शाळा त्या पलीकडच्या अंगणात होती. म्हणजे वर्ग, हॉस्टेल आणि सम्राटाचं घर, सगळं एकाच कॅम्पसमध्ये.

अ‍ॅडमिशन कशी व्हायची हे आधी बघू, कारण खरी भानगड तिथेच आहे.

ऑटोमन सुलतानांना एक अडचण होती. मोठ्या घराण्यांतली माणसं मोठ्या पदांवर बसवली, की ती आपापल्या खानदानाचा विचार करणार. जमीन साठवणार, पुढे पोराला पद देणार, जमलं तर बंडही करणार. आपल्याकडची वतनदारी आठवा, म्हणजे दुखणं लगेच कळेल. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे देवशिर्मे. तुर्कीत त्याचा अर्थ साधारण 'गोळा करणं'. दर काही वर्षांनी बाल्कनमधल्या, म्हणजे आजच्या सर्बिया, बोस्निया, अल्बेनिया, ग्रीस, बल्गेरिया या भागांतल्या ख्रिश्चन गावांत अधिकारी यायचे. साधारण ४० घरांमागे १ मुलगा, वय ८ ते १८ च्या आसपास. एकुलता एक मुलगा घ्यायचा नाही आणि लग्न झालेला घ्यायचा नाही, असे नियम होते. मग लोकांनी काय केलं असेल? पोरांची लग्नं लवकर उरकायला सुरुवात केली. काहींनी अधिकाऱ्यांना पैसे चारले.

निवडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, गाव, चेहऱ्यामोहऱ्याच्या खुणा. याद्या दोन प्रतींत असायच्या, एक नेणाऱ्याकडे आणि एक अधिकाऱ्याकडे, म्हणजे वाटेत कोणी मूल बदलायला नको. मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे हे वाचताना पहिल्या झटक्यात 'वा, काय सिस्टिम आहे' असंच मनात येतं. पुढच्याच ओळीत कळतं की मुलांच्या अशा तांड्याला 'सुरू' म्हणायचे. सुरू म्हणजे कळप. पोरांना लाल कपडे आणि टोकदार टोप्या घालायच्या, म्हणजे पळून गेली तर लांबूनही ओळखता येतील. त्या कपड्यांचा खर्च कोणी द्यायचा? त्याच गावांनी. मूल न्यायचं आणि त्याच्या कपड्यांचं बिलही त्यांच्याच माथी मारायचं.

इस्तंबूलला पोचल्यावर सुंता आणि धर्मांतर. आणि अजून एक बदल, जो मला सगळ्यात जास्त खुपतो. धर्मांतर केलेल्यांच्या बापाचं नाव पुढच्या कागदपत्रांत बहुतेक वेळा 'अब्दुल्ला' असं लागायचं, म्हणजे देवाचा दास. हजारो मुलं, आणि सगळ्यांचा बाप कागदावर एकच.

मग चाळणी लागायची. बहुतेक मुलं आधी अनातोलियातल्या शेतकरी कुटुंबांकडे जायची. तिथे भाषा शिकायची, अंगमेहनत करायची आणि पुढे जानिसारी सैन्यात दाखल व्हायचं. जी मुलं देखणी, धडधाकट आणि हुशार वाटायची ती राजवाड्यासाठी बाजूला काढायची. चेहऱ्यावरून माणसाचा स्वभाव कळतो यावर तेव्हा ठाम विश्वास होता आणि त्याचं रीतसर शास्त्र मानलं जायचं. म्हणजे एन्ट्रन्समध्ये चेहऱ्यालाही मार्क!

पण ही मुलंसुद्धा थेट एंदेरूनमध्ये जात नसत. आधी काही वर्षं तयारीच्या शाळांमध्ये: एदिर्ने, गलाता किंवा इब्राहिम पाशाचा वाडा. फुटबॉलवाल्यांनो, गलातासराय क्लब माहितीये ना? १९०५ मध्ये तो ज्या शाळेतल्या मुलांनी काढला, ती शाळा आपला इतिहास १४८१ च्या या गलाता राजवाड्यापर्यंत नेते.

आता आत जाऊ या. एंदेरूनमध्ये इयत्ता नव्हत्या, खोल्या होत्या. तुर्कीत खोलीला 'ओदा'. सुरुवात मोठ्या आणि छोट्या खोलीपासून. इथे वाचन-लेखन, कुराण, तुर्की, अरबी, फारसी, सुलेखन, शिवाय कुस्ती, तिरंदाजी, घोडेस्वारी. त्यातून पुढे सरकलेला मुलगा वरच्या खोल्यांत जायचा आणि तिथे अभ्यासाबरोबर सुलतानाच्या घरातली कामंही करायचा. एक खोली शिकारी ससाणे सांभाळणाऱ्यांची. १६३५ मध्ये मुराद चौथ्याने सुरू केलेली 'सेफेरली', म्हणजे सफरीवाली; तिच्याकडे सुलतानाचे कपडे धुणं होतं आणि तिथेच गाणारे-वाजवणारेही तयार व्हायचे. मग कोठारघर, जिथे खाणंपिणं बघायचं. मग 'हझिने', आपला खजिनाच. आणि सगळ्यात वर 'खास ओदा'. खास हा शब्द तर जसाच्या तसा आपलाच. इथे साधारण ४० जण. कोणी सुलतानाची तलवार धरायचं, कोणी त्याच्या घोड्याच्या रिकिबीशी असायचं, कोणी त्याला कपडे चढवायचं.

आपल्याला वाटेल, एवढं शिकून शेवटी कपडे धुवायचे? पण सत्ता तिथेच होती. रोज ज्याच्या हातून सुलतान अंगरखा घालतो, त्याच्या कानाशी बोलायची संधी साम्राज्यात कितीजणांना मिळणार?

रोजचं आयुष्य कसं होतं, हे आपल्याला मुख्यतः अली उफ्कीमुळे कळतं. हा मूळचा पोलिश, लव्होव्हचा वोइचेख बोबोव्स्की. तातारांनी पकडून विकला, राजवाड्यात संगीतकार म्हणून बरीच वर्षं राहिला आणि बाहेर पडल्यावर, १६६५ च्या सुमारास, त्याने आतल्या जगाचं वर्णन लिहून ठेवलं. त्याच्याकडे खरोखरीची सुपरपॉवर होती. तिथे संगीत पूर्णपणे पाठांतरावर चालायचं, आणि हा पठ्ठ्या ऐकलेली चाल युरोपियन स्वरलिपीत उतरवायचा. सोबतचे लोक चकित. त्याच्या वहीमुळे त्या काळातल्या कितीतरी चाली आज वाजवता येतात.

तर दिनक्रम. उजाडायच्या आधी उठायचं, नमाज, धडे, कामं, व्यायाम, पुन्हा धडे. झोपायला लांबलचक दालन, रांगेत अंथरुणं. दर दहा मुलांमागे एक खोजा झोपायचा आणि रात्रभर दिवे जळत ठेवायचे. म्हणजे वॉर्डन फक्त राउंड मारून जात नाही, तुमच्या शेजारीच झोपतो. हे गोरे खोजे शाळेचे राखणदार, आणि त्यांचा प्रमुख म्हणजे जवळजवळ प्राचार्य. त्यांनाही लहानपणीच विकत घेऊन, शरीर कापून तिथे आणलेलं असायचं. एका गुलामावर दुसरा गुलाम पहारेकरी.

डोक्याचे केस काढलेले, फक्त कानांजवळ दोन बटा मोकळ्या सोडायच्या. त्यांना 'झुलुफ' म्हणत. आजी म्हणते ना, 'झुलपं आवर ती', ती झुलपं याच शब्दाच्या घरातली. दाढी ठेवायची नाही. लग्न नाही. बाहेर जाणं नाही. घरचं कोणी भेटायला येणं नाही. चुकलं तर तळपायावर काठीचे फटके.

आणि सगळ्यात विलक्षण नियम म्हणजे शांतता. सुलतानासमोर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. राजवाड्यात मूकबधिर सेवक मुद्दाम ठेवलेले असत आणि मुलं त्यांच्याकडून खुणांची भाषा शिकायची. बरं, ही भाषा फक्त 'पाणी आणा' एवढ्यापुरती नव्हती. तिच्यात गोष्टी सांगता यायच्या, चेष्टा करता यायची. शेकडो तरुण पोरं एका अंगणात, आवाज नाही आणि हातांनी धमाल गप्पा चालू, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. इतिहासात मूकबधिरांकडे बहुधा दयेनेच पाहिलं गेलं. इथे मात्र तेच मास्तर होते.

हॉस्टेल म्हटलं की पळवाटा आल्याच. आजारी मुलाला झाकलेल्या गाडीतून पहिल्या अंगणातल्या दवाखान्यात नेत. बोबोव्स्कीच्या लिहिण्यावरून तिथे बरीच मोकळीक होती, गाणंबजावणं चालायचं आणि चोरून वाइनही पोचायची. मग अचानक पोट दुखणाऱ्यांची संख्या वाढायची यात नवल काय! चारशे वर्षं होत आली, हॉस्टेलची पोरं काही बदललेली नाहीत.

शाळा सुटण्याला 'चिकमा' म्हणत, म्हणजे बाहेर पडणं. दर काही वर्षांनी, किंवा नवा सुलतान गादीवर आला की, एक तुकडी बाहेर पडायची. कोणी घोडदळात जायचा, कोणी प्रांताचा अधिकारी व्हायचा. दाढी वाढवायला परवानगी मिळायची आणि अनेकांची लग्नं राजवाड्यातच वाढलेल्या मुलींशी लावली जायची.

आता सोशल मीडियावर एंदेरूनबद्दल एक पोस्ट फिरते: 'जगातली पहिली गिफ्टेड मुलांची शाळा, जिथे फक्त गुणवत्ता चालायची'. त्यात खोटं पूर्ण नाही. जन्माने शेतकऱ्याचा पोर वजीर होणं तेव्हाच्या युरोपात जवळपास अशक्य होतं, आणि तिथले वकील या गोष्टीने थक्क व्हायचे. काही आईबाप आपलं पोर निवडलं जावं म्हणून खटपट करायचे, हेही खरं. पण मला ती पोस्ट पटत नाही. गुणवत्ता 'फक्त' चालायची, कारण बाकी सगळं आधीच काढून घेतलेलं असायचं: नाव, भाषा, धर्म, आई. आणि हे सुलतानाचे 'कुल' म्हणजे दास होते. पद कितीही मोठं असो, जीव मालकाचा. इब्राहिम पाशाचंच बघा. लहानपणी पकडला गेला, सुलेमानचा जिवलग मित्र झाला, १५२३ मध्ये थेट खास ओदामधून मुख्य वजीर झाला. १५३६ मध्ये एका रात्री राजवाड्यातच त्याचा गळा आवळला गेला. ज्या वाड्यात पुढे मुलांना तयार केलं जायचं असं वर सांगितलं, तो याचाच. शिकणाऱ्या पोरांना त्या भिंती काय सांगत असतील, कल्पना करा.

हा प्रकार फक्त तिकडचा नाही हं. त्याच शतकात इथिओपियात जन्मलेला एक मुलगा विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने, चंगेजखानाने, त्याला विकत घेतलं. तो पेशवाही पूर्वी गुलामच होता. मुलगा म्हणजे मलिक अंबर, ज्याने मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरचं मूळ शहर, खडकी, वसवलं. त्याच्यासाठी शाळा नव्हती, पण तर्क तोच: ज्याला इथे कोणी नातेवाईक नाही, त्याच्यावर विश्वास ठेवा.

एंदेरूनचा तर्क शेवटी ढिला झाला. बाहेर पडलेल्यांनाही मुलं होणारच, आणि बापाला आपल्या पोरासाठी जागा हवी असणारच. १७व्या शतकात देवशिर्मे हळूहळू बंद पडत गेली आणि मुसलमान घरांतली मुलं आत यायला लागली. प्रसिद्ध प्रवासी एवलिया चेलेबी मुराद चौथ्याच्या काळात तिथे शिकला, तो इस्तंबूलच्या सोनाराचा मुलगा. राजवाड्यातली शाळा मात्र २०व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कशीबशी टिकली.

शेवटी एकाच माणसाबद्दल सांगून थांबतो. बोस्नियातल्या सोकोलोविची गावचा एक सर्ब मुलगा, किशोरवयात देवशिर्मेत नेलेला. एदिर्नेत शिकला, मग तोपकापीत. नवं नाव मेहमेद. १५६५ मध्ये तो मुख्य वजीर झाला. पुढच्याच वर्षी हंगेरीत वेढा चालू असताना म्हातारा सुलेमान तंबूत मेला, आणि या माणसाने ती बातमी सैन्यापासून सुमारे दीड महिना लपवून ठेवली, नवा सुलतान पोचेपर्यंत. एंदेरूनमधली शांतता अशी कामाला आली. पुढे १५७९ मध्ये खून होईपर्यंत, तीन सुलतानांच्या काळात, तो त्या पदावर टिकला.

पण गाव त्याने सोडलं नाही. तो कायम सोकोल्लू, म्हणजे सोकोलचा, म्हणूनच ओळखला गेला. १५५७ मध्ये सर्बियन चर्चचं पेचचं धर्मपीठ पुन्हा सुरू झालं, त्यामागे त्याचा हात होता, आणि तिथे बसलेला मकारिये त्याच्याच घरातला. मग त्याने साम्राज्याचा सर्वात मोठा वास्तुकार सिनान याच्याकडून (तोही देवशिर्मेतलाच) आपल्या मुलखात, विशेग्रादला, द्रिना नदीवर दगडी पूल बांधून घेतला. ११ कमानी, १५७७ मध्ये पूर्ण. इव्हो आंद्रिचच्या कादंबरीत त्या पुलामागचं कारण असं येतं की ही नदी ओलांडतानाच त्या मुलाची आई मागे राहिली होती. ते कादंबरीकाराचं. पूल मात्र खरा आहे, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि सोकोलोविची तिथून फार लांब नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर काळजी घ्या.