फराळाच्या ताटातील शब्द

फराळाचे ताट पुढे आले की हल्ली घरोघर एकच शब्द ऐकू येतो : 'टेस्टी!' चकली टेस्टी, करंजी टेस्टी, अनारसाही टेस्टी! चार दिवस चुलीपुढे राबलेल्या माउलीला दाद मात्र अशी सरसकट!

या पाहुण्या शब्दांची कुळकथा मोठी मौजेची आहे. 'टेस्ट' हा इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ चाचपून पाहणे असाही होता. 'डिलिशस' मूळचा लॅटिन, तोही फ्रेंचच्या वाटेने आलेला. 'स्वीट' मात्र इंग्रजीच्या घरचा. आणि गंमत अशी की, आपला 'स्वादु' त्याचा दूरचा भाऊबंद! दोघांचे मूळ एकच. 'स्वादिष्ठ' म्हणजे संस्कृतात 'सर्वांत गोड'.

भाषांचा असा शेजार पाहायला येडशीसारखे गाव नाही. रामलिंगाच्या डोंगरालगतचे हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. जवळची बार्शी इंग्रजी अमलात. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला आलेली अडीच फुटी रुळांची छोटी गाडी पुढे येडशीवरून १९११ मध्ये लातूरला पोहोचली. एकाच तिकिटावर दोन राजवटी! इकडच्या कचेरीत उर्दू, तिकडच्या कचेरीत इंग्रजी, चुलीपुढे मात्र दोन्हीकडे मराठी. अरबी 'लज्जत' आणि फारसी 'मजा' तर मराठीत त्याच्याही कितीतरी आधी रुळलेल्या. पण 'लज्जतदार' आला म्हणून 'रुचकर' उठून गेला नाही; पंगतीत सगळ्यांना पाट मिळाला.

मग 'टेस्टी'नेच काय घोडे मारले? त्याचे परकेपण नडत नाही, नडतो तो त्याचा एकटेपणा. इंग्रजीतही 'क्रिस्प' आहे, 'सेव्हरी' आहे. आपण त्या भरल्या कणगीतून एकच दाणा उचलला आणि त्यावर आपली कणगी रिती केली.

आपले शब्द नुसती स्तुती करीत नाहीत, पारख करतात. 'खमंग' म्हटले की भाजणी नेमकी भाजली गेली. 'खुसखुशीत' म्हटले की मोहन बरोबर पडले. 'जाळीदार' म्हटले की अनारशाचे पीठ नीट मुरले.

तेव्हा यंदा ताटावर बसाल तेव्हा एवढे करा : करंजी मोडून पाहा आणि 'खुसखुशीत' म्हणा. आपले मोहन कोणाला तरी कळले, हे ऐकून करणारीचा शीण निम्मा उतरेल.