दिल्ली रिजचे वृक्ष आणि तापमानवाढ

गुजरातपासून सुमारे 700 किमी. ईशान्येकडे धावणाऱ्या अरवलीचे शेवटचे टोक म्हणजे दिल्लीचा खडकाळ कटक, स्थानिक भाषेत ‘रिज’. वजिराबादजवळ या कटकाचा क्वार्ट्झाइट खडक यमुनेच्या गाळाखाली नाहीसा होतो. चॅम्पियन व सेठ यांच्या भारतीय वनांच्या 1968 च्या वर्गीकरणात येथील बरेचसे वन ‘उत्तरी उष्णकटिबंधीय काटेरी वन’ या प्रकारात पडते. हिवर, खैर, शमी, नेपती, हिंगणबेट, पळस ही त्यातली मंडळी मराठी वाचकाला परकी नाहीत.

उष्णता या झाडांना नवी नाही. सफदरजंग वेधशाळेत 29 मे 1944 रोजी 47.2° से., तर 16 जानेवारी 1935 रोजी उणे 0.6° से. तापमान नोंदले गेले. या दोन टोकांमध्येच ती वाढली आहेत. तापमानवाढीचा खरा घाव पाण्यावर बसतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये पडतो. तोच थोड्या दिवसांत कोसळू लागला, तर उघड्या खडकावरून वाहून जातो आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत उष्ण वारे मातीची उरलीसुरली ओल शोषून घेतात. जुना वृक्ष खडकाच्या भेगांत खोल गेलेल्या मुळांवर तग धरतो, रोपटे मरते. म्हणून रिजवर हवामानाचा परिणाम पाहायचा तो शेंड्याकडे नव्हे, बुंध्याशी.

याचे उत्तम उदाहरण धौ, आपल्या धावड्याचा जवळचा नातलग. फरिदाबाद जिल्ह्यातील मांगरबनी या देवराईत तो दाट टिकला आहे, कारण गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी भोवतालच्या गावांनी तिथे कुऱ्हाड चालू दिली नाही. धौचे बी फार कमी रुजते. तो मुख्यतः मुळांपासून फुटणाऱ्या धुमाऱ्यांनी पसरतो. गुरांनी सतत खाल्ला तर वर्षानुवर्षे जमिनीलगतच पसरून राहतो. उन्हापुढे मात्र तो कणखर आहे. राजस्थान व बुंदेलखंडातील टेकड्यांवर तो मुबलक आढळतो. केवळ पारा चढल्याने दिल्लीतून धौ हटेल, असे मानायला आधार दिसत नाही.

हवामान बदलले की वनस्पती उत्तरेकडे वा उंचीवर सरकतात, हा सर्वसाधारण नियम इथे अडतो. रिजला नाव घेण्याजोगी उंची नाही. उत्तरेला थेट शिवालिकपर्यंत गाळाचे मैदान, शेती आणि वस्ती. धौ, साळई, कांडोळ यांसारख्या खडकप्रिय वृक्षांना पुढे पाय ठेवायला खडकच नाही.

फायदा होण्याची शक्यता आहे ती विलायती कीकरची, म्हणजे महाराष्ट्रातील वेड्या बाभळीची. मूळची अमेरिकेतील ही जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उजाड रिजवर लावली गेली आणि आज बऱ्याच भागावर तिचेच राज्य आहे. खोल मुळे, नत्र स्थिर करण्याची क्षमता, जनावरांच्या शेणातून होणारा बीजप्रसार हे तिचे बळ. कडक थंडी हे वैगुण्य. हिवाळे सौम्य झाले तर तोही लगाम सुटेल.

गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात 2010 पासून जुन्या खाणींच्या जमिनीवर धौसह देशी वृक्ष लावले जात आहेत. रिजवरील कीकर एकदम तोडावी की देशी झाडे वाढतील तशी टप्प्याटप्प्याने विरळ करावी, यावर मतभेद आहेत. दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो: कीकर नकोशी असली, तरी तापलेल्या खडकावर सावली सध्या तिचीच आहे.