जखम भरू न देण्याची विद्या : काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

१/८
शस्त्रक्रियेनंतर जखम लवकर भरावी, अशी वैद्य आणि रुग्ण या दोघांचीही इच्छा असते. काचबिंदूची शस्त्रक्रिया मात्र याला अपवाद आहे. येथे जखम पूर्ण भरून आली, तर शस्त्रक्रियाच फसते.

२/८
मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते बदलले की दृष्टी परतते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यात सतत एक द्रव पाझरत असतो. त्याच्या निचऱ्याची वाट अडली की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच हाती असते.

३/८
१८५७ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी डोळ्यातील रंगीत पडद्याचा लहानसा भाग कापून अचानक उद्भवणाऱ्या काचबिंदूवर उपाय शोधला. सावकाश वाढणाऱ्या काचबिंदूला तो पुरेसा नव्हता.

४/८
१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९०९ मध्ये, मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी डोळ्याच्या कडेला बारीक गोल छिद्र पाडून द्रवाला नवी वाट दिली. मद्रासची ही पद्धत पुढे जगभर गेली.

५/८
परंतु शरीर त्या छिद्राला जखमच समजते. ते व्रणाने बुजले, तर दाब पुन्हा वाढतो. फार मोकळे राहिले, तर डोळा मऊ पडतो आणि जंतुसंसर्गाचे भय राहते. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी छिद्रावर डोळ्याच्याच पांढऱ्या भागाची झडप ठेवली. निचऱ्यावर ताबा आला. व्रणाचा प्रश्न उरलाच.

६/८
१९८० च्या दशकात कर्करोगावरील ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध व्रण रोखण्यासाठी वापरले गेले. आरंभीच्या अमेरिकी चाचणीचा क्रम असा : पहिला आठवडा रोज दोन, दुसरा आठवडा रोज एक, म्हणजे १४ दिवसांत डोळ्याजवळ २१ इंजेक्शने! मेळघाटातील धारणीहून घाट उतरून अमरावतीला येणाऱ्या, किंवा ऐन कापसाच्या हंगामात अकोला गाठणाऱ्या रुग्णाला हा क्रम कसा झेपावा? पुढे मायटोमायसिन आले. शस्त्रक्रियेच्या वेळीच काही मिनिटे लावले की काम होते. पण मात्रा जास्त झाली, तर वरचे आवरण विरळ होऊन गळू लागते.

७/८
मग औषधच सावकाश झिरपत राहिले तर? ही कल्पना जुनी आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘ऑक्युसर्ट’ आले : पापणीखाली ठेवायची, आठवडाभर पिलोकार्पिन सोडणारी चकती. २०२० मध्ये बायमाटोप्रॉस्टची डोळ्यात विरघळणारी सूक्ष्म कांडी तेथे मान्य झाली. ही दोन्ही साधने दाब उतरवण्यासाठी आहेत. शस्त्रक्रियेच्या जागीच बसून कित्येक आठवडे थोडे थोडे व्रणरोधक औषध सोडणारे रोपण अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

८/८
ग्रेफेंपासून आजवर शस्त्र सूक्ष्म होत गेले; पण यशापयश ठरते ते शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत, रुग्ण घरी परतल्यावर. ज्याच्या गावाहून दवाखाना दूर आहे, त्याच्यासाठी औषध डोळ्यातच मुक्कामाला असणे म्हणजे उरलेली दृष्टी राखण्याची खरी संधी. तोवर मात्र चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घेणे, हाच सर्वांत सोपा उपाय आहे.