बाललसीकरण नोंद (काचीगुडा)

मुलाला कोणती लस कधी दिली, याची शासनाने ठेवलेली नोंद. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक बाळाला जन्मतःच व्यक्तिक्रमांक मिळतो आणि लशीची नोंद त्याच क्रमांकावर चढते. भारतात ती आईच्या नावाने सुरू होते. गरोदरपणी नाव घातले की आईला आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) क्रमांक मिळतो. मूल पुढे त्याच क्रमांकाला जोडले जाते.

हैदराबादच्या काचीगुडा भागातील मराठी घरांत नेमकी इथेच गाठ पडते. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. आज राज्ये वेगळी असली तरी सोयरिकी टिकून आहेत आणि काचीगुडा स्टेशनातून नांदेड-परभणीकडे गाड्याही सुटतात. पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे नाव घातले तेलंगणात, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-बी नांदेडला, दीड महिन्याचा डोसही कदाचित तिथेच. आणि अडीच महिन्यांचे बाळ घेऊन सून काचीगुड्याला परत. नोंद जुळली नसेल, तर इथल्या एएनएमच्या (आरोग्यसेविकेच्या) यादीत बाळ ‘बाकी’च दिसते. अशा वेळी ती कार्ड मागते. कार्ड माहेरीच राहिले असेल तर झबल्याची बाही वर सारून डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण शोधते. व्रणावरून तारीख मात्र कळत नाही, आणि काही मुलांना तो उठतही नाही.

तेलंगणाने २०१७ मध्ये बाळंतिणींसाठीच्या ‘केसीआर किट’ योजनेत पैशाचे काही हप्ते साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या लशींशी जोडले. नोंद वेळेवर व्हावी यासाठी युक्ती नामी होती. पण लाभ राज्यातील सरकारी रुग्णालयात बाळंत होणारीला, त्यामुळे माहेरी गेलेली त्यातून सुटली.

देशपातळीवर डिसेंबर २००९ मध्ये माता-बालकांचा नावनिशीवार माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आली. तिची जागा पुढे आरसीएच पोर्टलने घेतली. कोविड काळातील को-विन या लसीकरण पोर्टलच्या धर्तीवर यू-विन हे पोर्टल जानेवारी २०२३ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि नंतर देशभर सुरू झाले. कोणत्याही राज्यात लस घ्या, नोंद एकच, असा त्याचा दावा. खाजगी दवाखान्यांतले डोसही त्यात यावेत अशी अपेक्षा आहे. नोंदणी मोबाइल क्रमांकावर होते. माहेरी वडिलांचा नंबर दिला आणि सासरी नवऱ्याचा, तर जुनी नोंद सापडेनाशी होते आणि एकाच बाळाच्या दोन नोंदी होण्याचा धोका राहतो.

लसीकरणाचे प्रमाण ठरवताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण या पोर्टलांवर विसंबत नाही. घरी जाऊन कार्ड पाहते, ते नसल्यास आईला विचारते. २०१९-२१ च्या फेरीत १२ ते २३ महिन्यांची ७६.४ टक्के मुले पूर्ण लसीकृत आढळली.