अटलांटिक सिटी: मक्तेदारी सरल्यानंतर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी राज्यातल्या ॲब्सिकन नावाच्या वाळूच्या बेटावर अटलांटिक सिटी वसले आहे. तेथून फिलाडेल्फिया सुमारे १०० किलोमीटरवर आहे, तर न्यूयॉर्क सुमारे २०० किलोमीटरवर. या शहराच्या इतिहासात या दोन अंतरांइतके निर्णायक दुसरे काहीच नाही. येथे खाणी नाहीत, मोठे बंदर नाही, पिकाऊ जमीन नाही. जवळच्या महानगरांतल्या लोकांना घरी राहून जे करता येत नाही ते येथे येऊन करता येते, एवढ्याच भांडवलावर शहर दोनदा वर आले आणि दोनदा घसरले.

पहिली भरभराट रेल्वेने आणली. समुद्राची हवा प्रकृतीला मानवते, असे सांगत जोनाथन पिटनी या स्थानिक डॉक्टरने गुंतवणूकदारांना गोळा केले आणि १८५४ च्या जुलैत कॅम्डेनहून पहिली गाडी बेटावर आली. किनाऱ्यावर फिरणारे लोक पायांबरोबर वाळू हॉटेलांत आणि डब्यांत आणत. त्यावर उपाय म्हणून १८७० मध्ये लाकडी फळ्यांचा रस्ता घातला गेला. तोच पुढे जगभर गाजलेला बोर्डवॉक. १८९८ मध्ये समुद्रात शिरणारा स्टील पिअर हा करमणुकीचा धक्का उभा राहिला, १९२१ मध्ये मिस अमेरिका स्पर्धा सुरू झाली आणि १९२९ मध्ये भव्य अधिवेशनगृह झाले. मोनोपॉली या खेळाचा पट १९३० च्या दशकात बाजारात आला तो याच शहराच्या रस्त्यांची नावे घेऊन. त्याचाच भारतीय अवतार ‘व्यापार’ या नावाने मराठी घरांत खेळला गेला. हॉटेलांतली कष्टाची कामे मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय कामगार करत. त्यांची वस्ती रेल्वेमार्गापलीकडच्या नॉर्थसाइड भागात होती आणि समुद्रस्नानासाठीही त्यांना किनाऱ्याचा वेगळा तुकडा होता.

दारूबंदीच्या काळात, म्हणजे १९२० ते १९३३ दरम्यान, येथे दारू जवळजवळ उघडपणे मिळे आणि जुगाराचे अड्डेही चालत. शहराचे राजकारण मुठीत ठेवणारा इनॉक ‘नकी’ जॉन्सन या सगळ्यातून आपला वाटा घेत होता. १९४१ मध्ये त्याला शिक्षा झाली ती प्राप्तिकर बुडवल्याबद्दल. इतरत्र बंदी आणि येथे काणाडोळा, हा धंद्याचा नमुना कॅसिनो येण्याच्या कितीतरी आधी या शहराने गिरवला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाड्या वाढल्या, विमानप्रवास आवाक्यात आला आणि सुट्टीसाठी फ्लोरिडा किंवा कॅरिबियन बेटे गाठणे सोपे झाले. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन येथे भरले. त्यातून शहराची जाहिरात होईल अशी आशा होती. प्रत्यक्षात देशभरातल्या पत्रकारांनी जुनाट खोल्या आणि मोडकळीला आलेली हॉटेले पाहिली आणि तेच लिहिले. १९३० मध्ये ६६ हजारांवर असलेली लोकसंख्या १९७० पर्यंत ४८ हजारांच्या आसपास उतरली. १९७२ मध्ये ट्रेमोर हे प्रचंड हॉटेल सुरुंग लावून पाडण्यात आले.

या अवस्थेत जुगाराची कल्पना पुढे आली. नेवाडा राज्याने १९३१ मध्येच जुगार कायदेशीर केला होता, पण त्याखेरीज देशात कुठेही अधिकृत कॅसिनो नव्हते. न्यू जर्सीत १९७४ मध्ये राज्यभर कॅसिनोंना मुभा देणारा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १९७६ मध्ये तो बदलून पुन्हा मांडला गेला: कॅसिनो फक्त अटलांटिक सिटीत चालतील आणि त्यांच्यावरचा कर ज्येष्ठ व अपंग नागरिकांच्या सवलतींसाठी वापरला जाईल. या वेळी तो मंजूर झाला. आपल्या गावात नको, पण किनाऱ्यावरच्या त्या खंगलेल्या गावात चालेल, असा तो कौल होता. राज्यघटनेतल्या या दुरुस्तीने शहराला जे मिळाले ती एक भौगोलिक सनद होती. कौशल्य, निसर्ग किंवा परंपरा यांतून ती आलेली नव्हती, आणि म्हणून शेजाऱ्यांनी आपापले कायदे बदलले की तिची किंमत उतरणारच होती. पेन्सिल्वेनियासारखा महत्त्वाचा शेजारी तीस वर्षे थांबला, हे शहराचे नशीब.

२६ मे १९७८ रोजी जुन्या हॅडन हॉल हॉटेलची डागडुजी करून रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हे पहिले कॅसिनो उघडले. लोकांनी दारापुढे रांगा लावल्या. वर्ष संपेपर्यंतच्या सात महिन्यांत त्याचा गल्ला १३.४ कोटी डॉलरवर गेला आणि मग गुंतवणूकदारांची रीघ लागली. कॅसिनोसोबत किमान ५०० खोल्यांचे हॉटेल हवे, अशी कायद्याची अट होती. त्यामुळे छोट्या मालकांना जागाच उरली नाही. मार्लबरो-ब्लेनहाइमसारखी देखणी जुनी हॉटेले जमीनदोस्त झाली आणि एका दशकात डझनभर कॅसिनो उभे राहिले.

त्या काळातल्या गिऱ्हाइकाचे चित्र लास व्हेगासच्या पाहुण्याहून फार वेगळे होते. लास व्हेगासला माणूस विमानाने येतो, दोन-चार रात्री राहतो, जेवतो, खेळ पाहतो. अटलांटिक सिटीत तो बसने येई. बहुधा निवृत्त झालेला, न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाचा रहिवासी. कॅसिनो त्याला उतरल्या उतरल्या नाण्यांची गुंडाळी आणि जेवणाचे कुपन देत. तो काही तास स्लॉट मशिनपुढे बसे आणि संध्याकाळी परत जाई. वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक फेऱ्या नोंदल्या जात, पण त्यातली बरीचशी माणसे शहर पाहतच नसत. कॅसिनोंच्या इमारतीही तशाच होत्या: दर्शनी तोंड बोर्डवॉककडे, पाठ वस्तीकडे आणि वाहनतळातून थेट आत नेणारे झाकलेले पूल. बाहेरची अनेक उपाहारगृहे आणि दुकाने बंद पडली. कॅसिनोंनी महसुलाचा सव्वा टक्का पुनर्विकासात घालावा, अशी तरतूद १९८४ मध्ये झाली आणि त्यातून घरेही बांधली गेली. तरी काचेच्या मनोऱ्यांमागचे मोकळे भूखंड कायम राहिले.

कर्ज काढून उभारणी करण्याची चढाओढ याच काळातली. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९८४ आणि १९८५ मध्ये दोन कॅसिनो सुरू केले आणि १९९० च्या एप्रिलमध्ये शंभर कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे ‘ताजमहाल’ उघडले. त्यासाठी ६७.५ कोटी डॉलरचे रोखे १४ टक्के व्याजाने काढले होते. हे व्याज फेडायला रोज जेवढे गिऱ्हाईक लागे तेवढे येईना, आणि जे आले त्यातले बरेच ट्रम्प यांच्याच आधीच्या दोन कॅसिनोंतून सरकलेले. १९९१ मध्ये ताजमहालाने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. बाहेरची स्पर्धा नीट सुरू होण्याआधीच घडलेला हा प्रसंग. जुगाराची भूकही अमर्याद नसते, हा इशारा त्यात होता, आणि तो कोणी फारसा मनावर घेतला नाही.

बाहेरची स्पर्धा हळूहळू जवळ येत गेली. १९८८ च्या केंद्रीय कायद्याने मूलनिवासी जमातींच्या जुगाराला चौकट मिळाली आणि १९९२ मध्ये कनेटिकटच्या जंगलात फॉक्सवुड्स उभे राहिले. १९९६ मध्ये त्याच राज्यात मोहिगन सन आले. डेलावेअरने घोड्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर स्लॉट मशिन बसवली. हे धक्के शहराने सोसले. २००३ मध्ये उघडलेल्या बोर्गाटाने तर तरुण, मुक्कामी पाहुणा येथेही येऊ शकतो हे दाखवले. २००६ मध्ये शहरातल्या कॅसिनोंचा महसूल ५२० कोटी डॉलर झाला. तो पुन्हा कधी गाठता आला नाही, कारण त्याच वर्षी पेन्सिल्वेनियात पहिली स्लॉट मशिन सुरू झाली आणि २०१० मध्ये तेथे पत्त्यांचे टेबलही आले. फिलाडेल्फियाच्या पेन्शनराला आता बसमध्ये बसण्याचे कारण उरले नाही. त्यात २००८ ची मंदी. नऊ वर्षांत, २०१५ पर्यंत, महसूल निम्म्यावर आला.

२०१४ मध्ये एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद झाले: जानेवारीत अटलांटिक क्लब, ऑगस्टच्या शेवटी शोबोट, सप्टेंबरमध्ये रेव्हेल आणि ट्रम्प प्लाझा. सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या. रेव्हेलची कथा सर्वांत बोलकी आहे. सुमारे २४० कोटी डॉलर खर्चून उभारलेली ही इमारत २०१२ मध्ये सुरू झाली, अडीच वर्षेही चालली नाही आणि २०१५ मध्ये ८.२ कोटी डॉलरला विकली गेली. ताजमहाल कामगारांच्या संपानंतर २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडला.

कॅसिनोंच्या मालमत्ता स्वस्त झाल्या की नगरपालिकेचा पायाच खचतो, हे यानंतर दिसले. करआकारणीचे मूल्यांकन पाच वर्षांत जवळजवळ एकतृतीयांशावर उतरले आणि आधी जास्त घेतलेला कर परत मागण्यासाठी कॅसिनो न्यायालयात गेले. एकट्या बोर्गाटाचे येणे १६.५ कोटी डॉलरच्या घरात होते, शेवटी ७.२ कोटींवर तडजोड झाली. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शहराचा आर्थिक कारभार आपल्या हाती घेतला. त्याच महिन्यात राज्याच्या उत्तर भागात कॅसिनोंना परवानगी देणारा प्रस्ताव मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळला, म्हणून निदान राज्याच्या आतली मक्तेदारी टिकली.

२०१८ च्या जूनमध्ये ताजमहालच्या जागी हार्ड रॉक आणि रेव्हेलच्या जागी ओशन सुरू झाले. दोघांनाही इमारती कवडीमोलाने मिळाल्या होत्या, त्यामुळे आधीच्या मालकांना बुडवणारे कर्ज त्यांच्या डोक्यावर नव्हते. आज नऊ कॅसिनो चालू आहेत, आणि बाराच्या तुलनेत नऊ हा आकडा या बाजारपेठेला अधिक साजेसा वाटतो. जुगाराबाहेरच्या उत्पन्नाचेही प्रयत्न झाले: शोबोट कॅसिनोविना हॉटेल म्हणून चालू लागले, तेथे बंदिस्त जलक्रीडा उद्यान झाले, स्टॉक्टन विद्यापीठाने शहरात संकुल उघडले. अधिवेशने हा जुना धंदा तर आहेच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन याच शहरात भरले. मात्र लास व्हेगासच्या मोठ्या हॉटेलांना निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण आणि कार्यक्रमांतून मिळते, तो टप्पा येथे फार दूर आहे.

सर्वांत विलक्षण वळण ऑनलाइन जुगाराचे. न्यू जर्सीने २०१३ मध्ये तो सुरू केला, पण राज्यघटना सांगते की कॅसिनो जुगार फक्त अटलांटिक सिटीतच होईल. यावर तोड निघाली ती अशी: खेळणारा राज्यात कुठेही असो, सर्व्हर अटलांटिक सिटीत ठेवला की डाव तेथेच लागला असे मानायचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडापैजांवरचा केंद्रीय निर्बंध उठवल्यावर त्यांचाही ओघ सुरू झाला. २०२४ मध्ये ऑनलाइन कॅसिनोचा महसूल सुमारे २३९ कोटी डॉलर होता, तर प्रत्यक्ष टेबलांवरचा आणि यंत्रांवरचा सुमारे २८२ कोटी. एकत्र पाहिले तर धंदा जुन्या उच्चांकाइतका झाला. पण त्यातला जवळजवळ अर्धा पैसा सर्व्हरमधून येतो, तांत्रिक भागीदार त्याचा मोठा वाटा नेतात, आणि सर्व्हरला ना वेटर लागतो ना खोली आवरणारी बाई. राज्याला कर मिळतो. शहराच्या रस्त्यावर गिऱ्हाईक येत नाही. वस्तीतल्या लोकांसाठी २०२१ मध्ये पायाभरणी झालेला सुपरमार्केटचा बेतही तडीस गेला नाही.

आता न्यूयॉर्कची पाळी आहे. तेथल्या मतदारांनी २०१३ मध्ये राज्यात सात कॅसिनोंना मान्यता दिली होती, आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क शहरातल्या तीन प्रकल्पांना परवाने मिळाले. उत्तर जर्सीतून आणि न्यूयॉर्कमधून येणारे गिऱ्हाईक हा अटलांटिक सिटीच्या उरलेल्या धंद्याचा मोठा भाग. या स्पर्धेत सारेच बुडतील असे नाही. बोर्गाटा, हार्ड रॉक आणि ओशन मुक्कामी पाहुण्यावर आणि नव्या बांधकामावर उभे आहेत. बोर्डवॉकवरच्या जुन्या, डागडुजी रखडलेल्या दोन-तीन इमारतींना मात्र पेन्सिल्वेनियाने जे केले ते न्यूयॉर्क पुन्हा करू शकते. कॅसिनो कंपन्यांना ऑनलाइन परवान्यांसाठी शहरात पाय रोवून राहावे लागते, त्यामुळे काही दारे तोट्यातही उघडी ठेवणे त्यांच्या फायद्याचे ठरेल. त्या दारांमागच्या वस्तीत आता ३८ हजारांच्या आसपास लोक राहतात, आणि त्यांच्या रोजगाराचा हिशेब या परवान्यांत कुठे धरलेला नाही.